पिन न लागणारा फोन

अब्बा, परवा मी नवा फोन घेतला. दुकानात हातात घेतल्यावर उगाच त्याच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय बघताय मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही." इअरफोनची पिन घालायची जागा आता बहुतेक फोनना नसते, हे मला चांगलं माहीत आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं होऊन गेली, तरी बोट फिरलंच. घरी आल्यावर लिहायला बसले. मराठीत लिहितेय. घरात आपण आपली हिंदीच बोलायचो, पण तुम्ही म्हणायचात की गंभीर काही बोलायचं असेल तर मराठीत बोलावं, शब्द जागच्या जागी बसतात.

तुमचं मराठी साऱ्या स्वारगेटने ऐकलेलं होतं. तीस वर्षं तुम्ही तिथल्या एसटी स्टँडवर त्या छोट्या खोलीत माइकपुढे बसून गाड्यांच्या घोषणा केल्यात. महाबळेश्वरची गाडी लागली की 'ळ' असा खणखणीत म्हणायचात की तो माझ्याही तोंडी बसला, आणि शाळेतल्या बाईंनी मला एकदा विचारलं होतं, "घरी शिकवतं कोण तुला?" कधी कधी एखादे आजोबा हा स्वच्छ आवाज कुणाचा ते बघायला खिडकीपर्यंत येत आणि तुमची टोपी न् दाढी बघून गोंधळून जात. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "आवाजाला दाढी नसते, साहेब. तुमची गाडी फलाट सहावर लागली आहे. उभे राहिलात तर सुटेल."

गाड्यांच्या हॉर्नने आणि डोक्यावरच्या कर्ण्याने तुमचे कान गेले ते कायमचे. निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांमध्ये आपण दोघंच. अम्मी आधीच गेलेली. तुमची सकाळ म्हणजे फोनवरचा रेडिओ. पिन फोनमध्ये घालायची, पण इअरफोन कानात नाही, खिडकीच्या गजाला गुंडाळायचे. त्या वायरीशिवाय स्टेशन लागत नाही, ती वायरच एरियल असते, हे मला इंजिनिअर असून तुमच्याकडून कळलं. मग स्पीकर पूर्ण मोठा करायचा आणि सातच्या बातम्या. बातम्या तुम्ही ऐकत नव्हतात, तपासत होतात. "आज बाईंना सर्दी आहे." "हा नवीन दिसतोय, श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही त्याला." बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचात आणि ते बरोबर असलं तर मान हलवायचात. आपलं घड्याळ बरोबर आहे याचा तुम्हाला रोज नव्याने आनंद व्हायचा.

आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीत मी लॅपटॉपपुढे बसलेली असायची. साडेसहा ते साडेसात अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग. दार लावलं तरी तुमच्या बातम्या आत यायच्या. एकदा मीटिंगमधल्या एका बाईंनी हसून विचारलं, तुमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे का? सगळे हसले. मीही हसले, पण दिवसभर ते मनात सलत राहिलं. तुम्हाला मी आवाज कमी करा म्हणायचे, तुम्ही करायचात, आणि पाच मिनिटांत काही ऐकू येईना म्हणून परत वाढवायचात. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "बेटा, अमेरिकेला सांग, पंधरा मिनिटं थांब. मी फलटणच्या गाडीला थांबवलंय, अमेरिकेचं काय घेऊन बसलीस."

त्या वर्षी ईदला मी तुम्हाला नवा फोन आणला. मोठा पडदा, मोठी अक्षरं, चांगला कॅमेरा. जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकला, तुम्हाला न विचारता. सकाळी शीरखुर्मा झाल्यावर चुलते बसले होते, आणि तुम्ही वायर हातात घेऊन फोन उलटासुलटा करत होतात. आधी खालून बघितलं, मग वरून, मग चार्जिंगच्या जागी पिन रेटायला लागलात. मी ओरडले. "अब्बा, बिघडवाल! याला तसली जागाच नसते आता. हे जुनं झालं सगळं." तुम्ही विचारलंत, "मग रेडिओ?" मी म्हटलं, "अॅप आहे ना. जग पुढे गेलंय, तुम्ही एका भोकासाठी अडून बसलाय." चुलत्यांनी खाली मान घातली. तुम्ही वायर गुंडाळत म्हणालात, "जग गेलं असेल पुढे. जाताना घोषणा तरी करायची."

मी अॅप लावून दिलं. बिनवायरीचे इअरफोन आणून दिले, ते तुमच्या कानातून पडायचे आणि पलंगाखाली जायचे. अॅपवर वेळेचे ठोके अर्धा मिनिट उशिरा पडायचे. तुम्ही घड्याळाकडे बघायचात, मग फोनकडे. चौथ्या दिवशी म्हणालात, "गाडी सुटल्यावर घोषणा करण्यासारखं आहे हे." आणि बंद करून टाकलंत. मी आतून ऐकलं. मला वाटलं, होईल सवय.

मग तुम्ही सकाळी फिरायला जायला लागलात. पावणेसातला टोपी घालून बाहेर, साडेसातला परत. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते चाला म्हणून, तेव्हा हूं की चूं केलं नव्हतंत, आणि आता थंडीत, पावसात, एक दिवस खाडा नाही. मी किती खूश होते! आत्याला फोनवर सांगितलं, नवा फोन काय घेतला, अब्बांची तब्येतच सुधारली. तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही चपला काढत होतात. म्हणालात, "हो. फोन फार गुणाचा आहे." मला तो टोमणा वाटलाच नाही. पुण्यात जन्म काढला आणि बापाचा टोमणा कळला नाही, याला काय म्हणावं.

तुम्ही गेलात ते दोन दिवसांच्या तापात, कुणाला त्रास न देता. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या प्रार्थनेला माणसं येऊन गेली आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले काका आले. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "नको ताई, दुकान उघडं आहे." आणि मग तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. "रोज पावणेसातला यायचे. माझा रेडिओ असतो ना चालू. इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून ठेवायचो. सातच्या बातम्या ऐकायच्या, निवेदकाच्या दोन चुका काढायच्या आणि निघायचं. मला म्हणायचे, आवाज जरा वाढव. मी कितीदा म्हटलं, अहो बाबा, छोटा रेडिओ मिळतो, आणून देतो, घरी पडल्या पडल्या ऐका. तर म्हणाले, नको. पोरीचं सकाळी काम असतं, तिला शांतता लागते."

काका गेल्यावर मी दार लावलं. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. नव्या फोनला पिन लागत नाही एवढंच नाही, त्यामागचंही कळलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत तुम्ही दीड वर्ष चालत गेलात, दुसऱ्याच्या स्टुलावर बसलात, आणि मी ते तुमच्या तब्येतीच्या खात्यावर मोजलं. ज्या माणसाने तीस वर्षं हजारो लोकांना कुठे जायचं ते सांगितलं, त्याने स्वतः कुठे जातो ते मला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे स्वतःला विचारायची मला अजून भीती वाटते.

लोकांना मी ही गोष्ट वेगळी सांगते. कंपन्यांनी पिनेची जागा काढली, म्हाताऱ्या माणसांची गैरसोय केली, असं सांगते. ऑफिसात जेवताना सांगितलं की सगळे हळहळतात, कंपन्यांना शिव्या घालतात. मीही घालते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कबरीशी जाऊनही वाचायचं नाही. तुम्हाला ओळीत तीन चुका सापडतील आणि मला एकच सांगायची आहे. तुमचा ईदचा फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलीने मला दोन फोन दाखवले होते, किंमत सारखीच. एकाला पिनेची जागा होती. तिने विचारलंही होतं, "वडिलांसाठी घेताय ना? रेडिओ ऐकतात का ते? कारण या दुसऱ्यावर रेडिओ नाही लागणार."

मी म्हटलं होतं, "हाच द्या."