ऐकून लिहिले

मास्तर, तुमची वरातीची चाल आज छापून आली. पुस्तक उघडलं आणि सुरांच्या आधी मी वरच्या कोपऱ्यातलं तुमचं नाव वाचलं, दोनदा.

पौडात तुमच्या बँडच्या खोलीसमोरच्या हॉटेलात रेडिओ लागायचा. तुम्ही मला बाकावर बसवायचात. नवं गाणं पहिल्यांदा लागलं की हात मांडीखाली, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा लागलं की गुणगुणायचं. पेन्सिल तिसऱ्यांदा. एकदा मी दुसऱ्याच खेपेला अख्खं गाणं सारेगमात उतरवलं आणि खाली ऐटीत माझं नाव घातलं. तुम्ही क्लॅरनेटची पत्ती तोंडात भिजवत वही पाहताय. सूर एकही चुकलेला नाही.

"ह्ये नाव कुणाचं?"

"माझं. मीच लिवलंय की."

"कान तुझा हाय. गाणं तुझं न्हाई."

नाव खोडायला लावलंत. वर संगीतकाराचं नाव आणि खाली 'ऐकून लिहिले', एवढंच ठेवलंत. तेव्हा लई राग आला होता.

आता भुकूमला माझा क्लास आहे. लवळ्याच्या कॉलेजातली मुलं येतात. "सर, नोटेशन द्या ना, नेटवरचं सगळं राँग आहे." मी देत गेलो, मग माझ्या वेबसाइटवरच टाकत गेलो. संगीतकाराचं नाव न चुकता वर. मला वाटायचं, नाव घातलं की झालं. मग एका म्युझिक कंपनीची नोटीस आली: नाव घालणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. मास्तर, एवढं मात्र तुम्ही शिकवलं नव्हतंत. त्यांची सगळी पानं काढून टाकली आणि वह्या घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस चतुर, त्याने एक गाणं लावून परीक्षाच घेतली. मी हात मांडीखाली घातले तसा तो हसला. तिसऱ्या खेपेनंतर हसला नाही. आज त्यांच्या पुस्तकांची नोटेशनं माझ्या टेबलावरून जातात.

यंदा त्यांचं लग्नातल्या चालींचं पुस्तक निघालं, त्यात मी तुमची वरातीची चाल दिली. संपादक पोरगी म्हणाली, "काका, जुनीच आहे ना? 'पारंपरिक' लिहून टाकू, मग कुणाची सही नको." मी म्हटलं, "बाई, मी ती होताना पाहिलीय. मांडवामागे तांदळाच्या पोत्यावर बसून मास्तरांनी केली, वऱ्हाड जेवत होतं तेव्हा." ती म्हणाली, मग वारसाची सही आणा, नाहीतर चाल वगळावी लागेल. माणूस गेल्यावरही साठ वर्षं चाल त्याच्या घरचीच असते म्हणे. तुम्हाला जाऊन तीस झाली.

मी मुठा गावी तुमच्या लेकीकडे गेलो. ती भाताच्या आवणीत, रोपं लावत, गुडघाभर चिखलात. "बाबांची चाल व्हय? भाऊ, ती मी हितं रोज म्हणतीया. तिला बी सही लागती?" पदराला हात पुसून तिने कागद धरला आणि सही करण्याआधी तुमचं नाव बोटाने वाचलं. मग मला चाल म्हणून दाखवली, बांधावरच्या बाया हसत असताना. परतताना गाडीवर मी कुणीतरी मोठा असल्यासारखा बसलो होतो.

हे पत्र त्याच पानात घालून पुस्तक मिटणार आहे. पोस्टाने जाण्याजोगा तुमचा पत्ता नाही. पण एक गोष्ट संपादक पोरीला सांगितली नाही, लेकीलाही नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तुम्ही जी मुरड घ्यायचात ती दर लग्नात निराळी असायची, आणि माझ्या या कानाला ती कधीच धरता आली नाही. लेक म्हणेल म्हणून कान टवकारले, तर नेमकी तिथेच तिने दम घेतला. शेवटी त्या जागी एक कोमल गंधार मीच माझ्या मनाने घातला. पानाच्या खाली मात्र 'ऐकून लिहिले' असंच छापलंय.