धवल्यांच्या फोल्डरवर चढवलेला नवा हिस्सा

उरण, मंगळवार

धनेशराव जावईबापूंना तुळशीराम सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. तुमची दाढ काढली की अजून तिची मनधरणी चालू आहे? (सोबतची सुकट मऊ भातात खा, म्हणजे दाढेला कळणार नाही.) इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. ती मोडतो. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नाही. फोन केला असता, पण लग्नघरात भिंतींपेक्षा पाहुण्यांचे कान जास्त, म्हणून आपल्या ट्रेलरवरच्या कमलेशच्या हाती हे पत्र.

तुम्ही ऑफिसच्या कंप्युटरवर लिनक्स बसवून गेलात. त्यात जनीआत्याचे एकेचाळीस धवले होते. पाच वर्षं ती जिथे जिथे धवलारीण म्हणून लग्नाची गाणी गायला बसली, तिथे मी पंगत सोडून तिच्यापुढे मोबाइल धरून बसलो. आता तिची ऐंशी उलटली. गळा गेला म्हणून तिने गाणं सोडलं. आमच्या धाकट्या कल्पिताची हळद पंधरा दिवसांवर आली, आणि ती आत्याच्या आवाजात लागायची तर फक्त त्या रेकॉर्डिंगवर. जागा भरत आली म्हणून मी दुसरी हार्ड डिस्क आणली. इथवर माझी काहीही चूक नाही.

पुढचं तुम्ही माझ्यासाठी लिहून ठेवलेल्या सूचनांच्या वहीत बघून केलं. पार्टिशन म्हणजे वाटणी, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या मिठागराच्या तीन मोजण्या मी उन्हात उभा राहून काढल्यात. चार सारखे हिस्से पाडले: तुमची अमिषा, कल्पिता, ऑफिस आणि धवले. (तुमच्या सासूने, केसरने, विचारलं, "न् देवाचा?" म्हणून पाचवा, कोपऱ्यात, लहानसा.) हिस्से फॉरमॅट होईतो यंत्र नम्र होतं. मग आलं माउंट. म्हणजे हिश्शाला एखाद्या फोल्डरच्या दारातून घरात घ्यायचं. तुम्ही लिहिलं होतं की त्यासाठी नवं, रिकामं फोल्डर करावं. पण जुनं पक्कं जोतं असताना दुसरीकडे पाया खणणारा माणूस आमच्या गावात वेडा ठरतो. मी नवा हिस्सा थेट जुन्या 'धवले' फोल्डरवरच चढवला. म्हटलं, गाणी ऐसपैस पसरतील.

उघडून बघतो तर एकेचाळीसपैकी एकही नाही! 'हरवले-सापडले' अशा अर्थाचं एक इंग्रजी फोल्डर तेवढं हजर, आणि त्यात शिरायला मला परवानगी नाही. (माझी गाणी, माझी डिस्क, माझं ऑफिस.) बंद करून चालू केलं, तरी तेच, कारण चालू होताच हिस्सा आपोआप चढावा अशी ओळही मीच हौसेने लिहून ठेवलेली. जावईबापू, माझ्या ट्रेलरचं बेअरिंग जायला आलं की मला नाक्यावरून ऐकू येतं. या यंत्राने आत्याचा गळा गिळला आणि साधी ढेकर दिली नाही.

केसर म्हणाली, "तुमाला कोनी सांगलं व्हतं त्यात हात घालाला? तो काय टायर हाय?" ते मी ऐकून घेतलं. कल्पिता मात्र चिडली नाही. "राहू द्या बाबा, डीजे लावू," एवढंच बोलली, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. पोरीची हळद मी माझ्या हाताने मुकी केली. लवकर या.

तुमचा,
हरलेला तुळशीराम

ता. क. कमलेशची गाडी बंदरात अडकली, पत्र इथेच आहे. काल तुमच्या वहीचं पुढचं पान उलटलं: अनमाउंट. नवा हिस्सा खाली उतरवला, तर एकेचाळीस धवले जागच्या जागी! नुसते झाकले गेले होते. ऑफिसचं दार लावून एक ऐकला. चष्मा पुसावा लागला.

आणखी ता. क. तरीही याच. मधल्या काळात बातमी आत्याच्या कानावर गेली. परवा ती काठी टेकत आली आणि कल्पिताला पुढ्यात बसवून मला म्हणाली, "डब्यातली गेली तर रडतस कशाला? मी हाय ना अजून!" गळा फाटलाय, पण शब्द चुकत नाही. आळीतल्या सात बायका रोज पाठ करतायत, कल्पिता सगळ्यांत पुढे, आणि काल मी कधीच न ऐकलेला बेचाळिसावा निघाला. गाणी सापडली म्हटलं तर आत्या उद्यापासून घरी निजून राहील. तेव्हा तुम्ही यायचं, यंत्र खोलून बसायचं, आणि हळद लागेपर्यंत कोणीही विचारलं तरी म्हणायचं, "मामांनी फारच मोठा घोळ केलाय." केसरची बोलणी मी खाईन.