अंधाराचे पंधरा दिवस

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बारीक काट्यांवर डोळे ठरत नाहीत म्हणतोस. मग भिंग पुसत जा, घड्याळजीबुवा! मी इथे काय करते विचारलंस. उंदराच्या डोळ्यातला आतला पडदा चिमट्याने अलगद सोडवते, तोही अंधारखोलीत, मंद लाल दिव्यावर. त्या पडद्यातल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात आणि समोरच्या पेशीवरचे ‘ग्राही’ तो झेलतात. गंमत अशी, की उंदीर बरेच दिवस अंधारात ठेवला की हे ग्राहीच बदलतात आणि पेशी त्याच निरोपाला वेगळं उत्तर देते. दाराच्या फटीतून जरा उजेड आला तरी माझा दिवस फुकट.

तूही पंधरा दिवस अंधारात बस, मग भिंगाशिवाय चाकांचे दाते मोजशील! वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

१८ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून ह्यांनी दुकान बंद ठेवलंय. मागच्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवला, फटींत चिंध्या कोंबल्या. आज बारावा दिवस. ताटसुद्धा मी चाचपडत आत ठेवते. तुमचा शब्द म्हणजे ह्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ, तुम्ही जाणताच.

आधी डाव्या डोळ्यात विजा चमकायच्या. ग्राही जागे होताहेत म्हणाले. काल मात्र कबूल केलं, की त्या डोळ्यावर कोपऱ्यातून काळा पडदा उतरत चाललाय. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात, अजून तीन दिवस थांब म्हणतात. तीन दिवसांनी दिसेल ना हो? माझ्या तोंडचं पाणी पळालंय. तेवढं एक उलटटपाली कळवा, आणि माया आहे तशी राहू द्या.

तुमची वहिनी

२१ मार्च

सौ. वहिनींना,
स. न. वि. वि.

दुकानातला फोन वाजून वाजून थांबतो, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या सहकाऱ्याच्या हाती देतेय. ती थट्टा होती, वहिनी! माझ्या लेखणीला काही धरबंदच नाही. अंधारात ग्राही बदलतात हे खरं, पण दादाच्या डोळ्यातला पडदाच मागून सुटत चाललाय, आणि सुटलेला पडदा अंधारात बसून चिकटत नाही. त्याला आजच्या आज शस्त्रक्रिया लागते.

काचांवरचे कागद फाडा. शेजाऱ्यांना बोलवा, माझी शपथ घाला, पण हे वाचताक्षणी त्याला दवाखान्यात न्या. मी परवा पोहोचते, माझ्यासाठी मुळीच थांबू नका. रोज पडदे हाताळणाऱ्या बहिणीने भावाचाच डोळा घालवला, तर मी कुणाला तोंड दाखवू? पुढे लिहवत नाही.

तुमची अभागी नणंद

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ओळी वाकड्या आल्यात, सांभाळून घे. डाव्या डोळ्याला उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळतं. पडदा चिकटवला, पण उशीर झाला होता. तू परत गेल्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाहीस असं ही म्हणाली. म्हणून लिहायला बसलो.

मला थट्टा कळली होती गं. एवढा खुळा नाही मी. विजा तुझ्या पत्राच्या आधीपासूनच चमकत होत्या. पण बाबांना शस्त्रक्रियेला मीच हाताला धरून नेलं होतं, आणि त्यांना घरी आणलं ते पुरते आंधळे झालेले. तू तेव्हा पाळण्यात होतीस. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या त्या दाराची मला अजून धडकी भरते. तुझी ओळ आयती सापडली, तिच्याआड लपलो. हिलाही फसवलं. दोष माझा आहे, तुझा नाही.

आता उजवा डोळा तपासला, तर तिथेही पडद्याला चीर गेलीय. सोमवारी दहाला बोलावलंय. चीर वेळेवर बंद केली तर डोळा वाचेल म्हणतात. हिला मी वरवर हो म्हटलंय, पण कालच कपाटातून काळा कागद काढून ठेवलाय. माझा भरवसा नाही. लोभ पत्रातून नको, रविवारीच ये. मला हाताला धरून ने.

दादा