रविवारच्या धबधब्याआधी

मुलुंड,
बुधवार

प्रिय लता,

सप्रेम जय भीम.

आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या बायकांनी पत्र कसलं लिहायचं, असं म्हणशील. फोनवर सांगायला घेतलं असतं, तर तू पहिल्याच वाक्याला 'सोड ना यार' म्हणाली असतीस आणि मी सुटकेचा निःश्वास टाकून सोडलं असतं. म्हणून कागद, आजच तुझ्या दाराखालून सरकवलेला. मध्येच फोन लावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधली चौदा जणं येत्या रविवारी ट्रेकला निघालीत. टूम नितेशची. तोच गं, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारा. जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हणे चेतना मॅडम कॉलेजपासून डोंगर फिरतात. मी दोन-तीन सोप्या जागा सुचवल्या. पण कोणीतरी मोबाइलवर कर्जतकडचा जंगलातला धबधबा शोधून काढला. आधी वाडी, मग दीड तासाचा मध्यम चढ, मग ओढ्याच्या कडेने वर. हो, तोच. सगळे एकदम 'झकास' म्हणाले आणि माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सामानाची यादी पाच वेळा लिहिली. निघायची वेळ सहा केली, मग साडेपाच, मग परत सहा. जेवणाच्या सुट्टीत एकेकाला बूट काढायला लावून तळवे घासलेत का ते बघितलं. दोर, शिट्ट्या, ओआरएस, जादा मोजे. काल रिपोर्टवर चुकीचं नाव छापणार होते, थोडक्यात वाचले. नितेश म्हणाला, "मॅडम, पिकनिक आहे की लढाई?" सगळे हसले. मी बेसिनपाशी जाऊन उगाच हात धूत राहिले.

सहा वर्षांपूर्वीचा तिथला प्लॅनही माझाच होता. आपण आठ जणी. तुझ्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आलेली, आणि वयात बसणारी ती तुझी शेवटची भरती. रोज पहाटे घाटकोपरच्या मैदानात तू धावायचीस, गोळा फेकून फेकून तुझा खांदा सुजलेला. तू येणारच नव्हतीस. मीच मागे लागले, की एक दिवस सुट्टी घे, मेंदूला जरा हवा लागू दे. पुढचं तुला मी काय सांगणार? पाणी चढलं, सगळ्या किंचाळत काठाकडे पळाल्या, तू बॅग उचलायला मागे वळलीस आणि दोन दगडांच्या मधे तुझा पाय अडकला. चादरीची झोळी करून आपण तुला वाडीपर्यंत आणलं. घोट्यात दोन प्लेटी, सात स्क्रू. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते असं, की "माझंच चुकलं, बॅगेसाठी कशाला वळले?" सगळ्यांनी मान डोलावली. पाणी अचानक आलं, कोण काय करणार! मीही डोलावली.

गेल्या रविवारी लॅबमध्ये ड्यूटी आहे असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी एकटीच तिथली पायवाट तपासून यायला गेले होते. वाडीतले रतनभाऊ सोबत आले. पन्नाशीचे असतील, लोकांना जंगलात नेतात-आणतात. ऊन होतं, ओढा घोट्याएवढा, आरशासारखा. मी त्यांना विचारलं, "पाणी इथं एकदम येतं ना हो?" ते 'हो' म्हणावेत म्हणून मी किती आशेने विचारलं असेल, तुला सांगता येत नाही. ते म्हणाले, "एकदम नाय येत, बाई. आधी गढूळ होतं, मग पाला-काटक्या येतात. तेव्हाच उठायचं. कोणाला ना कोणाला दिसतंच."

लता, मला दिसलं होतं.

मी त्या सपाट खडकावर डबा उघडून बसले होते. पायाशी पाणी चहाच्या रंगाचं झालं. मग सागाची पानं आली, पाठोपाठ मोडकी फांदी. सव्वाबारा वाजले होते. त्याच्या थोडं आधी तू म्हणाली होतीस, "वर काळं झालंय, निघूया," आणि मी सगळ्यांदेखत तुला झापलं होतं, "तुझ्या भरतीच्या टेन्शनमध्ये आमचा दिवस नको घालवूस." आता मीच 'उठा' म्हणाले असते, तर तुझं खरं ठरलं असतं. प्लॅनमध्ये एक वाजेपर्यंत थांबायचं होतं. म्हटलं, दहा मिनिटं बघू. त्या दहा मिनिटांत मी लोणच्याची फोड चोखत बसले होते, इतकं मला स्वच्छ आठवतं. ओरडले तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं.

उद्या हे लॅबमधल्या चौदा जणांना सांगणार आहे. त्यानंतरही कोणाला यायचं असेल तर पुढे रतनभाऊ असतील, मी नाही. त्यांनी उठा म्हटलं की उठायचं. पण चौदा परक्यांच्या आधी हे तुला कळायला हवं होतं. खरं तर सहा वर्षांपूर्वीच. माफी मागायला लिहिलं नाही. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. लिहिलं ते परवामुळे. परवा तुझ्याकडे शेजारच्या वनमालाताई आल्या होत्या, आणि शकुकाकू नेहमीसारख्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचं लक्षच नसतं कशात, म्हणून अंगावर चढायची वर्दी गेली." तू चहाचे कप उचलून आत गेलीस, उंबऱ्यावर तो पाय जरा तिरका टाकून. मी तिथेच बसले होते. मी गप्प बसले, पुन्हा. तर हे पत्र काकूंना वाचून दाखव. तुला नाही जमलं, तर शनिवारी दुपारी मी येऊन माझ्या तोंडाने त्यांना सांगणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस, तर जिन्यातून सांगेन, मोठ्याने.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
चेतना