पूर्वार्धाची महाराणी

६ जानेवारी
कपाट आवरताना लहानपणच्या त्या कादंबरीचा फाटका पूर्वार्ध हाती लागला. ती फाटली त्या दुपारी दादा आणि मी जिन्यात बसलो होतो. शाळेला सुट्टी, कादंबरी एक, आणि ती दोघांनाही आत्ताच हवी. आई आतून ओरडली, भांडाल तर पुस्तक बंबात घालीन. दादाने शांतपणे ते मधोमध फाडलं. त्याची अर्धी वाचून झाली होती, ती मला दिली. म्हणाला, तू साम्राज्य पोखरायला घे, मी पाडून येतो.

उत्तरार्ध मला मिळालाच नाही. मला गोवर आला, डॉक्टर डोळ्यांना ताण नको म्हणाले, म्हणून दादाने उशाशी बसून तो तोंडी सांगितला. नऊ हजार सूर्यांचं साम्राज्य कोसळत असताना राजाची धाकटी बहीण, ती राजकन्या, आरमार घेऊन परत येते आणि सगळं वाचवते. एवढा सुंदर शेवट दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नाही. तो मला तोंडपाठ आहे. पाठ असलेलं पुन्हा वाचायचं कशाला?

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्याने सुरू केलेलं वाचनमंडळ आता मी चालवते. दर शनिवारी. विषय एकच, कोसळणाऱ्या आकाशगंगीय साम्राज्यांच्या जुन्या कादंबऱ्या. संकल्प: यंदा मंडळाचा सुवर्णकाळ आणायचा.

१८ जानेवारी
ग्रंथपालबाई म्हणाल्या, वरच्या खोलीवर कंप्युटर क्लासचा डोळा आहे. मार्चअखेर कमिटीचा माणूस येऊन बघणार. दहा डोकी दिसली तर खोली तुमची. मी हसले. दहा म्हणजे काय! आज सात होती. पायलट झोपला होता, पण डोकं होतं.
(पायलट रिटायर होऊन युगं लोटली. नाव राहिलं.)

२५ जानेवारी
साम्राज्यं शिस्त सुटल्यामुळे कोसळतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हेच म्हणत, फक्त मोज्यांबद्दल. म्हणून आज नियम जाहीर केले. चहा चर्चेनंतरच. उशीर झाला तर दाराशी उभं राहायचं. ज्यात साम्राज्य नाही असं पुस्तक आणायचं नाही. मंडळातला डेंटिस्ट म्हणाला, ताई, मी पेशंटलासुद्धा मध्ये चूळ भरू देतो हो. सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं.

८ फेब्रुवारी
चार जण. थंडीमुळे.

१३ फेब्रुवारी
वहिनीने म्हणे गुरुवारी घरी नुसता चहा ठेवायला सुरुवात केली आहे. विषय नाही, अध्यक्ष नाही. कोणी काहीही वाचलेलं सांगायचं, नसेल वाचलं तर नुसतं बसायचं. दादाची बायको असून वहिनीला संघटनेचं अंग नाही. नुसत्या चहाला कोण जाणार!

१५ फेब्रुवारी
तीन. थंडी गेली आहे, त्यामुळे लोक बाहेर फिरायला जात असावेत.

२० फेब्रुवारी
सहज वहिनीच्या घरावरून गेले. दाराशी पायलटची काठी, ग्रंथपालबाईंच्या चपला, समोर डेंटिस्टची गाडी. आतून हसण्याचा आवाज. थांबले नाही. हेरगिरी माझ्या स्वभावात नाही. गाड्या मात्र मोजल्या.

२२ फेब्रुवारी
व्याख्यानासाठी टिपण: या कादंबऱ्या जुन्या का होत नाहीत? कारण राजाला जे कळत नाही ते वाचकाला कळतं. राजधानीत मेजवानी चालू आहे, टोकाचा एकेक तारा हातचा जातो आहे, आणि तो मूर्ख विचारतो, आज कारंजं का बंद? आपण लोडाला टेकून म्हणायचं, अरे गाढवा! याच्याइतकं स्वस्त सुख दुसरं नाही.

जाता जाता: आज वर पंखा का बंद, असं ग्रंथपालबाईंना विचारलं. वरची लाइन काढली म्हणाल्या. बाईंना आधी सांगायची सवयच नाही.

१ मार्च
मी आणि पायलट. चर्चा सखोल झाली. तो जागा असता तर आणखी झाली असती.

४ मार्च
वहिनी घरी आली. म्हणाली, वन्सं, गुरुवारी या की. मी म्हटलं, मंडळ सोडून कशी येऊ? त्यावर म्हणाली, या कादंबऱ्या सगळ्यांना का आवडतात ठाऊक आहे? जो तो स्वतःला भाकीत करणारा शहाणा समजतो. राजा व्हायला कोणीच तयार नसतं. आमच्यात तुम्ही एकट्याच तयार झालात.
वहिनी सहसा कौतुक करत नाही. लिहून ठेवते आहे.

१५ मार्च
एकटी होते. पण व्याख्यानाचा सराव मोकळेपणी झाला. विषय: राजकन्येचं पुनरागमन. दादा होता तोवर दरवर्षी मीच हे बोलत असे. तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा. भारावून जायचा बिचारा. कमिटीच्या दिवशी हेच बोलणार. अंदाज: तीसेक माणसं. खुर्च्या सांगितल्या.

२९ मार्च
दुपारपर्यंत कोणी नाही. चारला जिन्यावर पावलं वाजली. वहिनी पुढे, मागे सगळा गुरुवार. डेंटिस्टने तर कंपाउंडरला आणि एका पेशंटला आणलं, गाल सुजलेला. दहा भरले. कमिटीचा माणूस दारातूनच मोजून हसत गेला. खोली आपली! माझं भाकीत खरं ठरलं, आकडा सोडल्यास.

मी उभी राहिले. राजकन्या आरमार घेऊन परत येते, इथवर आले. मागे कंप्युटर क्लासची बाई टेप घेऊन खोली मोजत होती. ती म्हणाली, सॉरी मॅडम, पण ती परत कुठे येते? ती राजधानीतच असते ना? आणि साम्राज्य तर बुडतं.

मी म्हटलं, बाई, तुम्ही दुसरं काहीतरी वाचलं असेल. ती म्हणाली, नाही हो, शाळेत असताना वाचून रडले होते.

मी डेंटिस्टकडे पाहिलं. तो पेशंटच्या गालाकडे बघत होता. पायलट जन्मात पहिल्यांदा टक्क जागा. ग्रंथपालबाई पदर नीट करत होत्या.

सगळ्यांनी वाचलं होतं. दरवर्षी माझं व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवत होते.

वहिनी जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, तुम्हाला ताप होता वन्सं, राजकन्येचं काय होणार म्हणून रडत होतात. म्हणून ह्यांनी शेवट बदलला. पुढे दर वर्षी म्हणायचे, यंदा सांगून टाकतो. मग तुम्ही उभ्या राहायचात, आणि ह्यांचा धीर व्हायचा नाही. आम्हालाही तंबी होती.
पिशवीतून उत्तरार्ध काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. पहिल्या पानाला फाटलेली कड. माझ्या पूर्वार्धाच्या कडेशी जुळणारी.

मी म्हटलं, आता चहा घ्या. चर्चेआधीच.

३० मार्च
वाचला. आरमार वगैरे काही नाही. राजा पळून जातो. राजकन्या सिंहासनाच्या पायरीवर बसते. जहाजं खलाशांना देते, धान्य ज्या ग्रहांवर पिकलं त्यांना परत देते. सिंहासन कोणीच मागत नाही. मग ती उठून दिवा मालवते आणि पायी घरी जाते.

हा शेवट जास्त चांगला आहे. पण गोवर झालेल्या मुलीला दादाचाच बरा होता.

५ एप्रिल
कमिटीला कळवलं, खोली नको. हा पराभव नव्हे, विकेंद्रीकरण आहे. वाटप असं:

वरची खोली क्लासच्या बाईला. मोजून तिचं झालंच आहे. पंख्याची लाइन तिने भांडून जोडून घ्यावी.
साम्राज्यांच्या कादंबऱ्या डेंटिस्टला, वेटिंग रूमसाठी. जबडा दुखत असताना दुसऱ्याचं साम्राज्य बुडताना बघून बरं वाटतं. एकही पुस्तक फाडू नये.
मागची मऊ गादीची खुर्ची पायलटला. तो तिच्यात कैक वर्षं राहतोच आहे.
नियमांचा फलक ग्रंथपालबाईंना. मागची बाजू कोरी आहे.
अध्यक्षांची खुर्ची कोणालाही. विचारलं, कोणी घेत नाही.
पूर्वार्ध वहिनीला. उत्तरार्धाशेजारी एकाच खणात ठेवावा. चिकटवू नये. भांडण आमचं होतं.

मला गुरुवारचा चहा, साखर कमी. उशीर झाला तर दाराशी उभी राहीन.