जीपची डावी बाजू

माय,

गेल्या आठवड्यात दुकानात एक गाडी आली आणि ती आल्याचं मला कळलंच नाही. मी पाठमोरी उभी राहून ब्रश धूत होते. वळून बघते तर पांढरी गाडी, गाड्या वर उचलायच्या लिफ्टच्या तोंडाशी उभी, कोणी झोपेत चालत आल्यासारखी. हायब्रिड होती, म्हणजे अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर; हळू चालवली की इंजिन बंदच असतं. तुझ्या वेळी जीप लांब वळणावर असली तरी तुला स्वयंपाकघरात कळायचं ती कोणाची आहे, आणि तू पिठाचे हात धुवायला उठायचीस. ही गाडी तुलाही चकवून गेली असती. तू गेलीस तेव्हा असलं काही नव्हतं. माझं हे यवतमाळचं दुकानही नव्हतं. काम मात्र तुझंच आहे, गाडीला खालून गंज धरू नये म्हणून लेप द्यायचं. फरक एवढाच की तू गाडीखाली झोपायचीस आणि मी गाडी वर चढवून खाली उभी राहते.

गाडीतून उतरलेला माणूस पन्नाशीचा, आपल्या दिग्रसकडचा. कापूस, तूर, सोयाबीन असं बऱ्यापैकी शेत असलेला. एवढी महागाची गाडी आणि मागच्या सीटवर युरियाच्या दोन बॅगा. मी आधी त्या बॅगा उतरवायला लावल्या. सीटखाली बॅटरी असते, तिला हवा घ्यायला बाजूला जाळी असते, आणि यांनी बॅग नेमकी त्या जाळीला टेकवलेली. आपल्याकडे समुद्र नाही, पण खताचा खार आहे आणि चाकांवरच्या पत्र्यात महिनोन् महिने ओली राहणारी काळी माती आहे. गंजाला तेवढं पुरतं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही त्या दिग्रसच्या डांबरवाल्या काकीची पोरगी न? तुमच्या मायनं आमच्या जीपले मारलं होतं, तसंच काळं मारून द्या हिले. चाकापासून चाकापर्यंत, काही सोडू नका."

डांबरवाली काकी. कितीतरी वर्षांनी ऐकलं. शाळेत असताना या शब्दानं माझे कान तापायचे, आणि त्या दिवशी तोच परत ऐकावासा वाटला. पण मी त्याला नाही म्हटलं. गाडी वर चढवली आणि खालून दाखवलं. नारिंगी रंगाची जाड वायर समोरून मागे बॅटरीपर्यंत जाते, तिच्यात जीव घेण्याएवढी वीज असते. तिच्यावर काही फासायचं नाही, तिच्या आसपास भोक पाडायचं नाही. पाणी निथळायची छिद्रं बुजवायची नाहीत. बाकीच्या पत्र्याला पातळ मेणासारखं देते, आरपार दिसणारं, म्हणजे खाली काय चाललंय ते कळतं. तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "म्हंजे अर्धं सोडून देता," तो म्हणाला. "तुमच्या मायनं तं असं अर्धं कधी सोडलं नसतं."

तेव्हा मी ते बोलले, जे मी गेली दहा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलते. पुण्याला शिकायला गेले होते तिथे ऐकलेलं: डांबर आपल्या उन्हात कडक होतं, तडकतं, फटीतून पाणी आत शिरतं आणि पत्रा आतल्या आत सडतो. वरून काळाभोर, आतून भुसा. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. तो हसला. म्हणाला, "आमची जीप शेतात उभी हाये अजून. येऊन पाहा, मंग बोला."

रविवारी मी गेले. खरं तर जायचं काही कारण नव्हतं, गाडी माझ्या ताब्यात होती, काम चालू होतं. पण मला तुझं काम बघायचं होतं. आणखी एक कारण होतं, ते पुढे सांगते.

रस्ताभर तू दिसत होतीस. कापसाच्या जिनिंगमधून आणलेला बारदाना तू जीपखाली सारतेस, पदर कमरेला खोचतेस, डोक्याला बाबांचा जुना दुपट्टा बांधतेस. बाबांच्या वेल्डिंगच्या दुकानात गाडीखाली उतरायला खड्डा नव्हता आणि जीपखाली मावेल एवढी अंगानं तूच, म्हणून हे काम तुझ्याकडे आलं. हातात मोडक्या मुठीचं खुरपं. डांबराचा डबा तू शेवटी उघडायचीस. आधी पूर्ण दिवस नुसतं खुरपणं चालायचं. चिखलाची ढेपळं तुझ्या छातीवर पडतायत, तू डोळे मिटून हातानं चाचपतेस, परत खुरपं लावतेस. मी बाहेर बसून कंटाळायचे. म्हणायचे, झालं की आता, मार ना. आतून तुझा आवाज यायचा, "मातीवर मारशीन तं मातीच राखशीन वं." मग संध्याकाळी स्वयंपाकघरात तू रॉकेलनं हात पुसायचीस, बेसन लावून धुवायचीस, तरी भाकरीला कडेनं जरासा वास यायचा. मला अजून तो वास हवासा वाटतो, आणि दुकानातल्या मेणाला कसलाच वास नाही.

जीप बाभळीच्या सावलीत होती, टायर जमिनीत रुतलेले, टपावर कोंबड्या. मी पोतं अंथरून खाली शिरले. बऱ्याच वर्षांनी मी गाडीखाली आडवी झाले होते. उजव्या बाजूनं सुरुवात केली. स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकत गेले आणि पत्रा खणखण बोलत गेला. एका ठिकाणी डांबर खरवडून पाहिलं, खाली लोखंड करडं, स्वच्छ, काल कापून आणल्यासारखं. मी तिथे नुसती पडून राहिले. वर तुझ्या ब्रशाचे फराटे होते, सगळे एका दिशेनं. बाहेर कुठेतरी कोंबडी बोलत होती, पानांतून ऊन हलत होतं, आणि तू माझ्या शेजारी पडली आहेस असं मला खरोखर वाटलं. मग मी डावीकडे सरकले. ठोकलं तर आवाजच नाही. जरा जोर दिला आणि स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काळ्या सालीमागे पत्रा नव्हताच. वाळलेली माती आणि गंजाचा चुरा माझ्या चेहऱ्यावर पडला.

आणि माय, त्या क्षणी मला बरं वाटलं. हेच ते दुसरं कारण. माझंच खरं ठरावं म्हणून गेले होते मी. डांबर सडवतं, मी सांगत होते ना. एवढं मनात येऊन गेलं आणि मग ती माती माझ्या ओठांवर लागली.

तेव्हा आठवलं, या जीपची डावी बाजू माझी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. आदल्या दिवशी तू उजवी बाजू संपवलीस आणि रात्रीतून तुला ताप भरला. मालक जीप न्यायला येणार होता. तू अंथरुणातून म्हणालीस, "डावी तू कर. पयले खुरप, मंग मार." मला दुपारच्या एस.टी.नं यवतमाळला यायचं होतं, मैत्रिणीबरोबर पिक्चर ठरला होता. मी खुरपं हातातही घेतलं नाही. चिखल वाळलेला, घट्ट, काळाच. त्याच्यावर काळं फासलं तर कोणाला दिसणार होतं? तासाभरात मोकळी झाले. घरात आले तेव्हा तू ताप अंगात घेऊन चुलीपाशी बसली होतीस. "चिखल काढला न वं?" तू विचारलंस. मी म्हटलं, "काढला." तू माझे हात हातात घेतलेस आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला लागलीस, बोट न् बोट, नख न् नख. नखांत मातीचा कण नव्हता. तू वर पाहिलंस, मग परत खाली पाहून पुसत राहिलीस. "जेवून जाय," एवढंच म्हणालीस. त्या वेळी मला वाटलं, सुटले.

मी जीपखालून बाहेर आले तेव्हा तो वाकून बघत होता. त्यानं भोक पाहिलं, बोट घालून पाहिलं.  मग म्हणाला, "बाबा तं मरेपर्यंत सांगत होते, काकीसारखं काम कोणी करत नाही म्हणून. म्हंजे तिनंई वरवरच मारलं होतं म्हणा न." मी कपड्यांवरची माती झटकत होते. मला नुसतं म्हणायचं होतं, ही बाजू तिची नाही. चार शब्द. मी म्हटलं, "डांबराचं असंच असतं दादा." त्यानं मान हलवली. "बरं, तुमच्या पद्धतीनं करा मंग," म्हणाला, आणि मला चहा दिला, आणि मी तो प्यायले.

गाडी तयार आहे. नारिंगी वायरला कागद गुंडाळून टेप लावली, एक थेंब तिच्यावर जाऊ दिला नाही. चाकांवरची माती मी स्वतः काढली, पोरांना हात लावू दिला नाही, पूर्ण दिवस गेला. एवढं नीट काम मी क्वचित केलं असेल. पण ते काम त्याच्या गाडीच्या कामी आलं, तुझ्या नाही. दिग्रसकडे तुझं नाव घेणारं एकच घर उरलं होतं, आणि तिथे आता तू वरवर काम करणारी बाई आहेस. तो उद्या सकाळी गाडी न्यायला येईल, ती परत न वाजता निघून जाईल, आणि त्याआधी मला त्याला सांगायचं आहे.

आता दुपार आहे, दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हे लिहिते आहे. तू सगळं ऐकून घेशील, परत माझे हात पुसशील आणि जेवून जाय म्हणशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहायला बसले. तुला सांगून टाकलं की त्याला सांगायची गरज उरणार नाही, असं मला वाटलं होतं.