साडेपाच तासांचा फरक

रामवाडी, पेण
७ डिसेंबर १९९९

प्रिय भाविका,

शनिवारी रघूकाकांच्या दहाव्याला खाडीवर आलो होतो. तू पाहिलं नसशील, मी माणसांच्या मागे उभा होतो. मागे उभं राहणं मला छान जमतं. हौसाकाकीच्या गळ्यात पडून तू म्हणालीस, "माज्या कागदानं बाबाची मान खाली गेली गो आये, मरेपरत वर नाय झाली." तुझी नणंद आमच्या कंपनीत आहे. तिच्याकडून कळलं की घरातल्या मुलांना तू साधी बेरीजसुद्धा शिकवत नाहीस, माझे आकडे चुकतात म्हणतेस. आपल्या कॉम्प्युटर क्लासात सरांचं गणित फळ्यावर जाऊन दुरुस्त करणारी भाविका ती हीच का, असं वाटून मला रडू आलं.

तुझे बाबा बोटांवर तिथी मोजायचे, तिची पाऊणपट करायचे आणि भरतीची वेळ सांगायचे. तू त्यांना चिडवायचीस, बाबा अंदाज सांगतो, मी मिनिट सांगीन. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स आपण क्लासच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशिनवर चढवलं, आणि त्यावर तू भरती-ओहोटीचा तक्ता काढणारा प्रोग्राम लिहिलास. दोन आठवडे मनगटाला घड्याळ बांधून बांधावर उभी राहिलीस. फरक निघाला पाच-सात मिनिटांचा. काकांनी मग कबूल केलं की मिठागरवाल्यांच्या बैठकीत महिन्याचा तक्ता वाचून दाखवायचा, आणि तो लोकांना पटला तर तुला रोह्याच्या कंपनीत कामाला जाऊ द्यायचं. कंपनीने क्लासकडे एकच नाव मागितलं होतं आणि सरांनी तुझं दिलं होतं. मी पेढे मागितले होते, आठवतं? तोंडाने मागितले, पोटात जळत होतं.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. नाहीतर माझी लेखणी कुठेतरी पळवाट काढेल. मला त्याच मशिनवर मराठी छपाईचा प्रोग्राम सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायचा होता. कुठलाच प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. वेळ विचारणं, फाइल उघडणं असली रोजची कामं तो लायब्ररीकडून करून घेतो. तुझा तक्ता जुन्या लायब्ररीवर बांधलेला, माझ्या छपाईला नवीच हवी. नवी टाकली की तुझा प्रोग्राम उठेना, जुनी ठेवली की माझा बांधताना अर्ध्यात अडकायचा. तीन दिवस डोकं फोडून मी म्हणालो, एका म्यानात दोन तलवारी राहायच्या नाहीत. तू हसून म्हणालीस, "मंग म्यानं दोन कर ना!" आणि खरंच केलीस. दोन्ही लायब्ररी वेगवेगळ्या जागी ठेवल्यास, कोणी कुठे बघायचं ते ज्याला त्याला सांगून ठेवलंस. दोन्ही प्रोग्राम गुण्यागोविंदाने चालायला लागले. जाताना बजावलंस की जुन्याला हात लावू नको.

मी लावला. बैठकीच्या आदल्या दिवशी तू मावशीकडे वडखळला गेली होतीस. माझं बांधकाम डिस्क भरली म्हणून थांबलं. जागा शोधताना देशोदेशींच्या वेळा ठेवलेले दोन फोल्डर दिसले, नाव एकच, एक जुन्या जागी आणि एक नव्या. एकच वस्तू दोनदा कशाला, म्हणून शहाण्याने जुना पुसला. मग तुझा तक्ता छापला, न वाचता घडी घातली आणि न्यायला आलेल्या काकांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी तो बैठकीत मोठ्या ऐटीत वाचला. पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या सुमाराची, कागदावर पावणेसहा! पुंडलिक म्हणे उठून ओरडला, "पावणेसाला भरती? त्या टायमाला आमी चिखलात निवट्या धरतो रं!" भर ओहोटीत चिखलातले मासे धरायची वेळ ती, लोकांचं हसू थांबेना. काका कागद खिशात घालून निघून गेले. तो कागद त्यांनी तुला दाखवलाच नाही, आणि तुझं क्लासला येणं बंद झालं.

बैठकीनंतरच्या सोमवारी मशिन चालू करताच मला उमगलं. जुनी लायब्ररी भारताची वेळ जुन्याच जागी शोधत होती. सापडली नाही, तर तक्रार न करता तिने लंडनची वेळ धरली. प्रत्येक ओळ साडेपाच तास मागे. तुझ्या गणितात एक अक्षर चुकलेलं नव्हतं. फोल्डर परत आणून ठेवायला मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात सरांनी विचारलं, आता कंपनीला कोणाचं नाव कळवायचं? तुझं निर्दोषपण माझ्या जिभेवर होतं, भाविका. मी ते गिळलं आणि म्हणालो, मी जातो. मेमध्ये तुझं लग्न झालं, तेही रोह्यातच. बाजारात तू दोनदा समोरून आलीस आणि दोन्ही वेळा मी गल्ली बदलली. मला तू फार आवडायचीस. आज हे लिहिणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

हेसुद्धा मी पोटात ठेवलं असतं, मी तसाच माणूस आहे. पण दसऱ्यानंतर एका सकाळी मी रामवाडीच्या थांब्यावर रोह्याच्या एसटीची वाट बघत असताना काका आले. हातात तोच कागद, ओळीओळीसमोर पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "परनित, ह्यो बग. तिथीवरनं एकेक येल ताडून पायली. सगल्या साडेपाच तास मागं हायेत. चुकनारा मानूस असा मोजून सारखा चुकतो काय? पोरीचं गनित खरं हाय, खोट दुसरीकडं हाय. तू व्हतास ना तिथं?" मी म्हणालो, मला काही माहीत नाही. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी येतो तुज्यासंगट रोयाला. पोरीला सांगतो, बापूस चुकला." गाडी आली, ते माझ्याआधी चढलेसुद्धा. मी भ्यालो. म्हणालो, काका, तिच्या सासरी जाऊन जुनं कशाला उकरता, तिला बोलणी बसतील. ते पायरीवरूनच "तुजं बी खरं हाय" म्हणाले आणि खाली उतरले. महिन्याभराने ते गेले. म्हणून हे पत्र. त्यांची मान खाली नव्हती, भाविका. ते तुझ्याकडे यायला निघाले होते, गाडीत चढले होते, आणि त्यांना मी उतरवलं.

तुझाच म्हणवायची लायकी न उरलेला,
प्रणित